बिनधुराची आगबोट

उकंडाने समुद्र कधी पाहिला नाही. दारव्ह्याच्या बाजूला पाणी म्हणजे अडाण नदी, आणि तीसुद्धा होळी झाली की घोट्याएवढी होते. जहाज तर सोडाच, साधी होडीही त्याच्या बघण्यात आली नव्हती. आणि तरी या माणसाने उमेदीची सगळी वर्षं आगबोटी काढण्यात घालवली. तीही साधीसुधी बोट नाही. जपानच्या सरकारी आरमारातली, नाकाशी तोफ लावलेली, शिडं आणि धुराडं दोन्ही असलेली लढाऊ आगबोट. कुणाच्या हाती काय द्यावं हे देवाला कळत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

आधी त्याच्या नावाचं सांगतो. त्याच्या अगोदरची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मला तसा मायने त्याला उकिरड्यावर ठेवला. शेजारणीने उचलला आणि पसाभर ज्वारी घेऊन मायला परत विकला. यमाला वाटावं, हे तर फेकलेलं पोर, हे नेऊन काय करायचं. यम फसला, पोर जगलं आणि नाव पडलं उकंडा. अशा नावाची माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांतली कितीतरी ताठ मानेने चालतात. हा मात्र खाली बघूनच चालला. उचलून घेतलेल्या पोरासारखा जन्मभर कुणाच्या तरी उपकाराखाली राहिला.

बोरी अरबच्या महारवाड्यातून तो दारव्ह्याला आला तो शेठजींच्या जिनात. जिनात कापसातली सरकी काढत, मग ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधत. गाठीवर तरट चढे, लोखंडी पट्ट्या आवळल्या जात, आणि मग गाठ उकंडापुढे येई. त्याच्याकडे टिनाचा एक पत्रा होता. त्यात बोट कोरलेली. पत्रा गाठीवर ठेवायचा, काजळी आणि जवसाच्या तेलाच्या काळ्या रंगात कुंचा बुडवायचा आणि फिरवायचा. पत्रा उचलला की तरटावर बोट उभी. दोन डोलकाठ्या, मधे धुराडं, धुराड्यातून मागे वळलेला धूर. पुढची तोफ उकंडाला बरीच वर्षं वखराची दांडीच वाटत होती.

हा मार्का जपानी कंपनीचा. शेठजींचा चांगला माल तीच कंपनी उचलायची. तेजीच्या दिवसांत कंपनीचा जपानी साहेब एकदा जातीने दारव्ह्याला आला. बुटका, घामाघूम झालेला, पण हसरा माणूस. सोबत मुंबईचा दुभाषी. साहेब उकंडाचं काम बराच वेळ बघत राहिला. उकंडाने धीर करून दुभाष्याला विचारलं, "मालक, हे बोट सायबाच्या गावाले हाये काय अजून?"

साहेबाने सांगितलं ते दुभाष्याने मराठीत आणलं. बोट फार जुनी, लाकडी. वारा असला की शिडावर चालायची, वारा पडला की कोळशावर. मोठी जहाजं जिथे जाऊ शकत नाहीत अशा खाड्यांत आणि नद्यांच्या मुखांत ती शिरायची. साहेबाचा आजा तिच्या पोटात बसून भट्टीत कोळसा लोटायचा. साहेब शाळेत जायच्या आतच ती म्हातारी झाली, मग सरकारने ती मोडून तिचं लाकूड विकून टाकलं.

उकंडाला हे ऐकून कसंतरीच झालं. आपण इतके दिवस मेलेल्या बोटीचं चित्र काढतो आहोत. मग त्याने आपल्या रीतीने मनाची समजूत घातली, की घरच्या मेलेल्या माणसाचा टाक आपण देव्हाऱ्यात ठेवतोच की. जाताना साहेब एक गोष्ट मात्र हसू आवरून बोलला. मार्का हुबेहूब असला पाहिजे. एक रेघ कमी पडली तरी ती गाठ आमची नाही. उकंडाने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा दारव्ह्यात कुणी नव्हता.

त्याची बायको कांताबाई राळेगावकडची. तीही त्याच जिनात, रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायच्या कामाला. तिथे रुईचं पांढरं कुसू हवेत इतकं उडे की संध्याकाळी बाया बाहेर आल्या की म्हाताऱ्या दिसायच्या. त्यांना एकच पोरगा, फकिरा. तो लहानपणी बापाजवळ बसून बोटी बघायचा. एकदा त्याने विचारलं, "बाबा, यातून धूर काहून निघते?"

"आत चूल हाये ना लेका," उकंडा म्हणाला.

"चुलीजवळ कोन हाये?"

"कोन राहीन? माय असन त्याची. सयपाक करून राह्यली."

झालं. त्या दिवसापासून घरात ते एक खूळच होऊन बसलं. धूर आहे म्हणजे माय चुलीजवळ आहे. फकिरा शेजारच्या पोरांना सांगे, आमच्या मायचा धूर पार मुंबईला जातो. कांताबाई वरवर चिडायची आणि आतून सुखावायची. तिच्या वाट्याला आलेली थोरवी म्हणजे एवढीच होती, आणि तिला ती पुष्कळ होती.

फकिरा मोठा होऊन त्याच जिनात लागला आणि तिथेच बिनसलं. आवारात पाण्याचे दोन माठ होते. एक सगळ्यांचा आणि एक महारांचा. उन्हाळ्यात एका दुपारी महारांचा माठ कोरडा पडला होता. फकिराने सरळ दुसऱ्या माठात हात घातला. मुकादम अमरसिंगने पाहिलं आणि गाठीची पट्टी आवळायच्या दांड्याने त्याला पाठीवर मारलं. फकिराने उलटून त्याचा हात धरला. आणि तेवढ्यात उकंडा धावत आला.

बाप धावत आला की पोराला बरं वाटतं. फकिरालाही क्षणभर वाटलं असेल. पण उकंडा मुकादमाच्या पाया पडला, आणि पोराची मानगूट धरून त्यालाही पायावर घातलं. "पोट्टं हाये, माफी द्या मुकादम," म्हणाला. फकिराच्या पाठीवर वळ उठले होते, ते त्याला दिसले नाहीत. त्याला फक्त आपलं काम दिसत होतं, आणि ते जाताना दिसत होतं.

त्या संध्याकाळी फकिराने कपडे बांधले. कांताबाई रडत होती. तो दारात उभा राहून तिलाच म्हणाला, "माय, याच्या बलावन्यानं मी येनार नाही. तू बलावशीन तवाच येईन." बापाकडे त्याने बघितलंही नाही. मुर्तिजापूरला जाणाऱ्या लहान रुळाच्या गाडीला गाठींचे डबे जोडत होते. त्याच गाडीने तो गेला.

दोन हंगाम त्याचा पत्ता नव्हता. मग देवीलालने बातमी आणली. देवीलाल शेठजींचा माणूस, मालासोबत मुंबईला जायचा. शिवडीकडच्या कापसाच्या वखारींत त्याला फकिरा भेटला होता, गाठी उतरवणाऱ्या हमालांत.

"कसा हाये?" कांताबाईने विचारलं.

"खंगला थोडा, पन मजेत हाये. म्हने, घरचा समाचार मले रोज भेटते. म्या म्हनलं, थो कसा बाप्पा? त म्हने, दारव्ह्याची गाठ आली का मी बोट पाहतो. धूर दिसला का समजतो, माय चुलीजवळ हाये."

कांताबाईने पदर तोंडाला लावला. उकंडा उठून बाहेर गेला. पोरगा आपल्याशी बोलत नाही, पण आपल्या हातचं वाचतो, एवढ्यावर त्या माणसाने पुढची वर्षं काढली. गाठीवर कुंचा फिरवताना तो धुराशी आला की हात हळू करायचा. अमरसिंग म्हणायचा, "कायले एवढं गोंजारतं बे त्याले? लेकरू हाये काय थे?" उकंडा कुंचा पुन्हा रंगात बुडवायचा.

मग मंदी आली. कापसाला कुणी विचारेना. बाजारात कापसाने भरलेल्या बंड्या उभ्याच्या उभ्या आणि दलाल झाडाखाली पत्ते खेळत बसलेले. रेचे निम्मे बंद झाले. मालासोबत माणूस पाठवणं शेठजींना जड झालं, देवीलालची मुंबई बंद झाली. आणि त्याच हिवाळ्यात कांताबाईची छाती भरली.

आधी नुसता खोकला होता. रेच्यावरच्या सगळ्याच बाया खोकायच्या, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संक्रांतीनंतर ती रात्रंदिवस बसूनच राहू लागली, आडवी पडली की दम कोंडायचा. चूल हंसाबाई पेटवू लागली. ही शेजारीण, सुईण होती, औषधपाण्याचं तिला थोडं कळायचं. तिने उकंडाला बाहेर बोलावलं.

"पोराले बलाव," ती म्हणाली. "मी खोटं नाही बोलत. चैत निघनं कठीन हाये."

उकंडाने जिनातल्या मुनीमजींच्या हातापाया पडून एक कार्ड लिहून घेतलं. पत्ता काय घालणार? फकिरा उकंडा, कापसाची वखार, शिवडी, मुंबई. एवढ्या पत्त्यावर मुंबईत देवसुद्धा सापडायचा नाही. कार्डाचं पुढे काही कळलं नाही. स्वतः जावं तर तिला पाण्याचा घोट कोण देणार, आणि जिनातली जागा तर त्याच दिवशी जाणार. दारात उभी राहून काम मागणारी माणसं तेव्हा थोडी नव्हती.

कांताबाईचं एकच मागणं होतं. औषध नको, राळेगावला माहेरी न्यायला नको. "एक डाव पाहू द्या त्याले. थो म्हनला होता, मी बलावलं का येईन. मंग बलावा ना."

आणि उकंडाला सुचलं. असली गोष्ट त्याच्याचसारख्या माणसाला सुचायची. शहाण्या माणसाने दहा खटपटी केल्या असत्या, शेठजींपुढे लोळण घेतली असती, स्टेशनमास्तरला गाठलं असतं. याला जगात बोलायची एकच जागा माहीत होती, ती म्हणजे गाठीवरचं तरट.

दुसऱ्या दिवशी पहिली गाठ समोर आली. त्याने पत्रा ठेवला. धूर कोरलेल्या जागेवर डाव्या हाताचा तळवा दाबून धरला आणि उजव्या हाताने कुंचा फिरवला. पत्रा उचलला. बोट होती, तोफ होती, डोलकाठ्या होत्या. धुराडं मात्र मुकाट उभं. चूल विझलेली बोट कशी दिसते ते त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

त्या दिवशीच्या सगळ्या गाठी त्याने तशाच केल्या, दुसऱ्या दिवशीच्याही. साहेबाचं बोलणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. एक रेघ कमी पडली तर गाठ आमची नाही. पण त्याने स्वतःला समजावलं, की इतक्या गाठींत धूर कोण बघायला बसलंय? धूर बघणारा सबंध मुंबईत एकटा आपला फकिराच.

घरी येऊन त्याने काळा तळवा कांताबाईपुढे धरला आणि काय केलं ते सांगितलं. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती, ती हसली. "बरं केलं," म्हणाली. "थो बराबर समजन. लहानपनचा हुशार हाये." त्या रात्री तिने हंसाबाईच्या हातची पेज दोनदा मागून घेतली. मुर्तिजापूरच्या गाडीची शिटी ऐकली की ती विचारायची, गाठी गेल्या का, आणि आता मुंबईला कधी पोचतील.

गाठी गेल्याच नाहीत. बाजार तेजीत असताना कंपनीने त्या डोळे मिटून उचलल्या असत्या. मंदीत मात्र घेणारा माल बघत नाही, खोट बघतो. कंपनीचा पारखी माल पास करायला आला. रुई चिमटीत धरून ताणली, तिच्यात काही सापडेना. मग त्याची नजर मार्क्यावर गेली. त्याने पिशवीतून छापील नमुना काढला, गाठीशी धरला, आणि धुराड्यावर नुसती तर्जनी टेकवली. धूर कुठे आहे? दुसऱ्या कुणाचा हलका माल आमच्या मार्क्याखाली खपवता काय? सगळी खेप नापास करून तो बैलगाडीत बसला आणि यवतमाळच्या रस्त्याला लागला.

मुनीमजींनी उकंडाला बोलावलं. अमरसिंग बाजूला उभा होता.

"धूर कहां गया बे?" मुनीमजी म्हणाले. त्यांचं सगळं बोलणं असंच, अर्धं हिंदी, अर्धं इकडचं. "पत्रा मोडला काय?"

"नाही जी."

"मंग?"

उकंडाला सांगता आलं असतं. बायको मरून राह्यली मालक, पोराला सांगावा धाडायचा होता. मुनीमजी काही राक्षस नव्हते, त्यांनी ते कार्ड लिहून दिलंच होतं. कदाचित शिव्या दिल्या असत्या आणि शेठजींच्या मुंबईच्या पेढीला दोन शब्द लिहिलेही असते. पण उकंडाने खाली बघितलं आणि म्हणाला, "चुकी झाली मालक." माणसाने एवढी भीती कुठून आणावी, मला खरंच कळत नाही.

"चुकी झाली त निस्तर. आजच्या आज साऱ्या गाठींवर धूर मार. और सुन, दाट मार. दुरून दिसला पाह्यजे. पारखी पुन्हा येनार हाये. एक बी गाठ राहिली त उद्या तुह्या जागी दुसरा."

दुपार कलली होती. आवारात गाठी रचलेल्या, पहिली हातासरशी होती. उकंडाने पत्रा ठेवला, फक्त धुराची जागा उघडी ठेवून बाकीची तरटाने झाकली, आणि कुंचा फिरवला. एकदा नाही, अमरसिंग बघत होता म्हणून दोनदा. काळा, दाट, लग्नघरच्या चुलीतून निघावा तसा धूर. एक गाठ झाली, दुसरी झाली. कुठल्याही गाठीपाशी तो थांबू शकला असता. निदान एक कोपऱ्यातली, खाली दबलेली गाठ तरी सोडू शकला असता. नाही सोडली. अंधार पडायच्या आत त्याने काम निस्तरलं, आणि मुनीमजी म्हणाले, आता कसं बरं दिसतं.

पारखी आला, माल पास झाला. फागुन सरता सरता गाठी डब्यात चढल्या.

घरी कांताबाईने शिटी ऐकली होती. "गेल्या काय हो आज?"

"गेल्या."

"आपल्या? बिगर धुराच्या?"

उकंडाने तिच्या तोंडाला पाण्याची वाटी लावली. ती पाणी पीत होती तोवर त्याला वेळ मिळाला. मग तो म्हणाला, "हो. आपल्याच."

यापुढचे दिवस मी लांबवत नाही. ती दाराकडे तोंड करून बसायची. कुडाला पाठ लावायची, मांडीवर हात. मुर्तिजापूरकडून गाडी आली की वस्तीतली पावलं ऐकायची. बाहेरून कुणी पुरुष माणूस खाकरला तरी पदर सारखा करायची. पळस फुलून गळून गेला. एक दिवस तिने विचारायचं सोडलं. उकंडाला वाटलं, सुटलो. तसं नव्हतं.

"त्यानं पाह्यलं असन," ती हंसाबाईला म्हणाली. उकंडा चुलीपाशी बसून ऐकत होता. "पाह्यल्याशिवाय नाही राहनार. पाहून बी नाही आला. जाऊ दे. माह्यावर बी राग असन त्याचा. म्या त्या दिवशी त्याच्या बापाले काई म्हनलं नाही ना."

उकंडाच्या जिभेवर शब्द आला होता. त्याने बिनधुराची बोट पाहिलीच नाही, कांता. त्याने धूर पाहिला, मी लावलेला. एवढं बोलला असता तर तिचा जीव पोराच्या बाबतीत तरी मोकळा होऊन गेला असता. पण मग तिने नवऱ्याकडे कसं बघितलं असतं? त्याने शब्द गिळला आणि चुलीत काटकी सारली. चैत्रात, सकाळच्या उन्हात, ती बसल्या बसल्या गेली. दाराकडचं तोंड तिने शेवटच्या दिवशी मात्र भिंतीकडे फिरवलं होतं. नाल्याकाठी तिला माती दिली.

त्याच उन्हाळ्यात दोन सरकारांचं भांडण जुंपलं. इकडच्या सरकारने जपानी कापडावर जकात चढवली, तर जपानने इकडचा कापूस घेणं बंद केलं. मोठ्यांच्या भांडणात उकंडाला कोण विचारतो? मुनीमजींनी पत्रा काढून घेतला आणि माळ्यावर टाकला. ज्या जागेसाठी त्याने ते सगळं केलं, ती जागा पावसाळ्याआधीच गेली. आता बोलून काय उपयोग.

आणि दसऱ्याच्या सुमाराला फकिरा आला. मुंबईच्या वखारीतही जपानचा माल थांबला होता, हमालांना घरी बसवलं होतं. तो दुपारी आला. डोक्याला फेटा नाही, वाटेत पाटलाला जोहार घातला नाही, असं लोक मागाहून सांगत होते. हातात जर्मनचा नवा गंज होता, म्हणजे पातेलं, मायला भात शिजवायला. दारात उभा राहून त्याने हाक मारली, "माय." आतून बाप आला.

हंसाबाईने सांगितलं त्याला. उकंडाच्याने झालं नाही. फकिरा गंज हातात धरूनच खाली बसला. मग म्हणाला, "कवा?"

"चैतात."

"चैतात कशी?" तो म्हणाला. "चैतात धूर होता."

मग बापलेक नाल्याकाठी गेले. मातीवरचे दगड पावसाने सरकले होते, ते फकिराने नीट लावले. तो बापाशी बोलत होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, सरळ, रागाशिवाय. उकंडाला ते सोसवत नव्हतं.

"मी निंगालो होतो, बाबा," फकिरा म्हणाला. "चैताच्या तोंडाले. यवतमाळकडचा एक गडी म्हनला, तुमच्याकडं खोकल्याची साथ हाये. मले कसंच वाटे. म्या गठुडं बांधलं. मुकादमाले सांगाले वखारीत गेलतो, त दारव्ह्याची खेप उतरून राह्यली होती. पाह्यलं, त असा दाट धूर बाबा, असा दाट, जिंदगीत नव्हता पाह्यला. म्या म्हनलं, माय पुरनपोळ्या करून राह्यली. कायले जायचं, मजेत हाये. गठुडं सोडलं आन् कामाले लागलो. असं कसं झालं?"

इथे उकंडाला सुटता आलं असतं. जिनातल्या कुण्या दुसऱ्याने मारला मार्का, असं म्हणता आलं असतं. पोराने मानलंही असतं. पोरगा परत आला होता, बोलत होता, बाबा म्हणत होता. म्हातारपणाची काठी हातात येऊन पडली होती. पण कांताबाईच्या मातीसमोर त्या भित्र्या माणसाला काय झालं कोण जाणे, त्याने आयुष्यात पहिल्यांदा भीती बाजूला ठेवली. सगळं सांगितलं. तळवा दाबून धरलेला, पारखी, मुनीमजी, अमरसिंग उभा होता ते, आणि एकेका गाठीवर दोनदा कुंचा फिरवलेला.

"म्या लावला थो धूर," तो म्हणाला. "माह्या हातानं."

फकिरा ऐकत होता. ओरडला नाही. त्याने एकच विचारलं, "मायले मालूम होतं?"

"नाही. म्या तिले सांगतलं, बिगर धुराच्याच गेल्या."

"म्हंजे तिले वाटलं..."

"हो. तिले वाटलं, तू पाहून बी नाही आला."

फकिरा वळला आणि वस्तीकडे चालू लागला. उकंडा मागून गेला. त्याला वाटलं, आता हा गठुडं उचलेल आणि स्टेशनचा रस्ता धरेल.

फकिरा गेला नाही. तो दारव्ह्यालाच राहिला, दगडाच्या खाणीवर कामाला लागला, पुढे लग्न केलं, लेकरं झाली. बापाला त्याने कधी उपाशी ठेवलं नाही. आधी बापाला वाढायचा, मग स्वतः बसायचा. आजारपणात पाठ शेकून दिली, फाटलं धोतर बदललं, पावसाळ्यात त्याच्या बाजेवरचं छप्पर आधी शाकारलं. फक्त त्याच्याशी बोलला नाही. त्या दुपारनंतर एक शब्दही नाही. ताट ठेवायचा आणि निघून जायचा. उकंडा बरीच वर्षं जगला.

हंसाबाई कधीमधी येऊन बाजेपाशी टेकायची. सून पाणी आणून द्यायची, फकिरा बापाचे पाय तेलाने चोळून उठून गेलेला असायचा. हंसाबाई म्हणायची, "नशीबवाला हायेस बाप्पा उकंडा. लेक असावा त असा."

उकंडा म्हणायचा, "हो."